साखरेचं दार

आजाऱ्याचं ऐकायचं नसतं, हा सारिकाताई खाडे यांचा पहिला नियम होता. आजारी माणूस पाणी नको म्हणतो, मळमळतंय म्हणतो, तोंड फिरवतो. लहान असेल तर पेलाच उडवून देतो. आपण मात्र घोट घोट पाजत राहायचं. कुरणवाडीत छत्तीस वर्षं आशाताई म्हणून काम करताना त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता, आणि त्या छत्तीस वर्षांत गावात हगवणीनं एकही मूल दगावलं नव्हतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी कुणाचं पोट बिघडलं की डॉक्टरच्या आधी हाक सारिकाताईंनाच. लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. गावातल्या सुनांना हे तोंडपाठ होतं. नव्या नवरीला उखाणा आला नाही तरी चालेल, पण जलसंजीवनी करता आली पाहिजे, असं ताई हळदीच्या मांडवातसुद्धा बजावून येत.

त्यांना नुसती कृती पाठ नव्हती, तिच्यामागचं शास्त्रही ठाऊक होतं. पहिल्याच प्रशिक्षणात त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती चरबीचा पातळ पापुद्रा असतो. मीठ किंवा साखर त्यातून आपोआप आत शिरत नाही. त्यासाठी पापुद्र्यात प्रथिनांची दारं असतात आणि प्रत्येक दार ठरलेल्या पाहुण्यालाच उघडतं. आतड्याच्या पेशींना एक दार असं असतं, की ते एकट्या मिठाला उघडत नाही आणि एकट्या साखरेलाही नाही. दोघं जोडीनं आले तरच उघडतं. जोडी आत गेली की आत दाटी होते, आणि जिकडे दाटी तिकडे पाणी, हा पाण्याचा स्वभावच आहे. पटकीचं, म्हणजे कॉलऱ्याचं, विष पेशींतलं मीठ आणि पाणी बाहेर सोडायला लावतं, मिठाची एरवीची वाटही बंद पाडतं. हे जोडीचं दार मात्र त्याच्या हाती लागत नाही. म्हणून तर स्वयंपाकघरातल्या दोन डब्यांनी जगभरात लाखो माणसं वाचवली. प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या, "एकट्यानं गेलं की दारातनं परत, जोडीनं गेलं की पाटावर. सत्यनारायणाच्या पूजेसारखं बघा." सारिकाताईंनी पुढे हा दाखला हजार वेळा तरी वापरला असेल.

त्यांचे मालक रावसाहेब खाडे गुळव्या होते. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळतो, तो नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. रावसाहेब पाकाचा थेंब गार पाण्यात टाकत, बोटांनी त्याची गोळी वळत, जिभेवर ठेवत आणि हात वर करत. त्यांनी हात वर केला की चौघे जण काहील उचलत. पंचक्रोशीत त्यांच्या जिभेला मान होता.

बावन्नाव्या वर्षी त्यांना साखरेचा आजार निघाला. घरात आशाताई असल्यावर पथ्य मोडायची काय बिशाद? सारिकाताईंनी पाक चाखणं बंद केलं, म्हणजे बंदच. काही हंगाम रावसाहेबांनी नुसत्या बोटांवर निभावून नेले, मग गुऱ्हाळमालकांनी मापकं आणली आणि मापकं वाचणारी माणसं आणली. रावसाहेब घरी बसले. त्यांचं बोलणं कमी झालं, मग भांडणंही कमी झाली. भांडणं थांबली तेव्हा सारिकाताईंना पहिल्यांदा खरी भीती वाटली.

अशा वेळी, दोन हजार पंचेचाळीस साली, ते औषध आलं. त्याचं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून लोकांनी त्याला 'गोडबंदी' म्हणायला सुरुवात केली. खरं तर गोडावर बंदी मुळीच नव्हती, उलट गोडाची मोकळीक होती. बंद व्हायचं ते आतलं दार. एक कॅप्सूल गिळायची. तिच्यातला निरुपद्रवी केलेला विषाणू आतड्याच्या मूळ पेशींत शिरून त्यांना एक सूचना देई, की साखरेचं दार इथून पुढे बनवायचं नाही. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. आठवड्यानं सगळ्या पेशी बिनदाराच्या. माणसानं पेढे खावेत, जिलेबी खावी, रक्तात साखर जातच नाही. आतड्यात उरलेली साखर खायला खास वाढवलेले जंतू सोबत दिलेले असत, नाहीतर तिनं पोट बिघडवलं असतं. ज्यांची साखर कशालाच दाद देत नव्हती, त्यांना तर हा पुनर्जन्म वाटला. शहरात हजारो लोकांवर चाचण्या झाल्या होत्या आणि त्यांत कुणालाही अपाय झालेला नव्हता. ती सगळी माणसं नळाचं शुद्ध पाणी पिणारी होती.

कुरणवाडीत लोक बिचकत होते. तेव्हा सारिकाताई निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनी घरोघर जाऊन समजावलं आणि सगळ्यांदेखत पहिली कॅप्सूल आपल्या नवऱ्याला दिली. त्यांच्यामागे आणखी बेचाळीस जणांनी घेतली.

त्या वर्षी दिवाळीनंतर गुऱ्हाळं सुरू झाली, तेव्हा रावसाहेब बारा वर्षांनी काहिलीपाशी उभे राहिले. गोळी वळली, जिभेवर ठेवली आणि हात वर करायचा विसरून तसेच उभे राहिले. चौघे जण त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "अवं, करपंल की," सारिकाताई म्हणाल्या, तेव्हा कुठे त्यांचा हात वर गेला. त्या रात्री जेवताना मीठ कमी पडलं म्हणून ते बायकोशी कडाकडा भांडले, आणि सारिकाताईंना इतकं बरं वाटलं की त्या पाठ फिरवून हसल्या.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. पूर कुरणवाडीला नवा नव्हता, पण या वेळी पाणी पाच दिवस हललं नाही. गाव टेकावरच्या शाळेत जाऊन बसलं, एकेका वर्गात चार-चार कुटुंबं. शाळेच्या विहिरीत पुराचं पाणी शिरलं होतं, ते चौथ्या दिवशी कळलं. तोवर सगळे तेच प्यायले होते.

पाचव्या दिवशी तांबडं फुटताना रावसाहेबांना जुलाब सुरू झाले. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके. सारिकाताईंनी ते पाहिलं आणि ओळखलं. पटकी. त्या घाबरल्या नाहीत. उलट, खोटं कशाला सांगायचं, त्यांच्या अंगात जुना हुरूपच आला. दोन वर्षं रिकामे असलेले हात कामाला लागले. पाणी उकळलं, गार केलं, पिशवीतली जलसंजीवनीची पुडी फोडली आणि नवऱ्याच्या उशाशी मांडी घालून बसल्या.

"प्या."

रावसाहेब प्याले. दोन पेले, चार पेले. तासाभरात जेवढं आत गेलं त्याच्या दुप्पट बाहेर आलं.

"प्या की. जेवढं जातंय तेवढं भरून काढाय पायजे."

"गोड हाय," रावसाहेब म्हणाले.

"गोडच असतंय ते."

"तसं न्हवं. आत जाईना झालंय. हितं पोटात नुसतं डबडबतंय बघ."

"सगळे पेशंट असंच म्हणत्यात."

"मी पेशंट हाय व्हय गं?"

"आज हायसा."

ते हसले आणि प्याले. पुड्या तीनच होत्या, त्या आठ वाजेपर्यंत संपल्या. मग सारिकाताईंनी शिध्यातली साखर घेतली, मीठ घेतलं, आणि छत्तीस वर्षांच्या हातानं मोजून पाणी केलं. तांब्यामागून तांब्या. नऊच्या सुमाराला रावसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं. पकडीत जोर नव्हता.

"मालकीणबाई, ऐक जरा. रस मुरतोय का नुस्ता उकळतोय, ह्ये मला कळतंय. जन्म गेला त्यात. ह्यो मुरंना. तुझं ह्ये पाणी पिलं की आतनं आणखी पाणी सुटतंय. कायतरी चुकतंय ह्यात."

"तुम्ही गुळाचं बघा. पाण्याचं मी बघते," सारिकाताई म्हणाल्या आणि पेला पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.

या वाक्यानं त्यांना पुढे उभ्या आयुष्यात झोप लागू दिली नाही. पण त्या वेळी त्यांना त्यात काही गैर वाटलं नव्हतं. हेच वाक्य, थोडं इकडचं तिकडे करून, त्या शेकडो लोकांना बोलल्या होत्या, आणि ती सगळी माणसं आज हिंडतफिरत होती. नको नको म्हणणाऱ्याचं नाक दाबून पाजलेलं पाणीच त्याला तारतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. समोर नवरा बोलतोय हे त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. त्यांना फक्त पेशंट ऐकू येत होता.

साडेदहापर्यंत रावसाहेबांचे डोळे खोल गेले, आवाज बसला. सारिकाताईंनी त्यांच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. असं होतं ते पाणी न पिणाऱ्याचं. यांनी तर बारा तांबे रिचवले होते. आता मात्र त्या सारखा फोन लावू लागल्या. दोन दिवस फोन लागत नव्हता, तो अकरा वाजता लागला. तालुक्याच्या डॉक्टर अल्फिया मुजावर यांचा आवाज जागरणानं घोगरा झाला होता.

"ताई, किती पाजलंत?"

"बारा तांबे. एक घोट वाया घालवला नाही. मुरत नाही म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"हे. हेच म्हणतात सकाळपासून."

मग डॉक्टरांनी हलक्या आवाजात विचारलं, "ताई, त्यांनी गोडबंदी घेतलीय का?"

"मीच दिली," सारिकाताई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळलं. मीठ आणि साखर जोडीनं आले तरच दार उघडतं. ते दारच बनवायचं नाही, असं त्यांनी आतड्याला सांगून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. एक त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी वहीत लिहून घेतली होती, दुसरी साठाव्या वर्षी गावाला पटवून दिली होती. मधल्या दोन वर्षांत त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं त्यांच्या काही मनात आलं नव्हतं. तसं ते औषध बनवणाऱ्यांच्याही आलं नव्हतं, पण त्याचं समाधान कोण करून घेणार?

"बंद करा," डॉक्टर सांगत होत्या. "साखरेचा एक कणही नको. ती आत जात नाही, आतड्यातच राहते आणि उलट शरीरातलंच पाणी ओढून घेते. ती खाणारे जंतू जुलाबात धुऊन गेलेत. सकाळपासून तीन गावांतून हेच ऐकतेय मी. कालपर्यंत आम्हालाही कळलं नव्हतं, ताई."

"मग देऊ काय?"

"मुगाची डाळ आहे? शिजवून अगदी पातळ पाणी काढा, मीठ घाला. प्रथिनांच्या तुकड्यांची दारं वेगळी असतात, ती शाबूत आहेत. त्यांच्याबरोबर मीठ आत जाईल. हळू जाईल, पण जाईल. सलाईन घेऊन बोट निघतेय, दोन-तीन तास तरी लागतील. आणि ताई, गावात गोडबंदीवाले किती आहेत?"

"त्रेचाळीस."

"त्यांतले आजारी?"

"माहीत नाही. ह्यांच्याजवळनं हललेच नाही मी."

"सगळ्यांना सांगा. आत्ताच. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत ते. तुम्ही शिकवलेलं दुसऱ्याच्या सांगण्यावरून कोण सोडेल?"

फोन ठेवून सारिकाताई नवऱ्यापाशी आल्या. कोपऱ्यात म्हाताऱ्या हौसाबाई बसल्या होत्या. त्यांना डाळ चढवायला सांगितली आणि मग त्या रावसाहेबांच्या कानाशी वाकल्या.

"चुकलं माझं. पाणी चुकलं. तुम्ही बरोबर सांगत होता."

रावसाहेबांनी डोळे उघडले. रागावतील असं त्यांना वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"व्हतंय," ते पुटपुटले. "मी बी एकदा काहील करपवलीय."

"तीनदा," सारिकाताई म्हणाल्या.

"बरं, तीनदा."

"दुसऱ्यांना सांगाय पायजे. पण तुम्हाला सोडून..."

"जा की. मी हाय हितंच. एवढा पूर आलाय, जातोय कुठं?"

त्या उठल्या. त्यांच्या मनात एवढंच होतं, की आपण परत येईपर्यंत डाळ शिजेल, ती पाजू, बोट येईल, आणि हा माणूस पुढच्या हंगामाला काहिलीपाशी उभा राहील.

सातवीच्या वर्गात लताकाकूंची सून दीपाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. अडतीस वर्षांची, गोडबंदी घेतलेली. लताकाकू चमच्यानं तिला पाजत होत्या. प्रत्येक चमच्याला म्हणत होत्या, "ऐकायचं न्हाई तुझं. ताईंनी सांगितलंय, ऐकायचं न्हाई."

"काकू, थांबा. ते पाणी देऊ नका तिला."

लताकाकूंनी वर पाहिलं, आणि सारिकाताई थकल्यामुळे काहीतरी भलतंच बोलल्या असं समजून पुढचा चमचा भरला.

"काकू, साखर नको. गोडबंदीवाल्यांना साखर नको. दार बंद आहे त्यांचं. बाधते ती."

"काय बोलताय ताई? माझ्या थोरल्याला ह्याच पाण्यानं उठवलंसा तुम्ही. ह्या वर्गातल्या निम्म्या पोरांना उठवलंसा."

"दुसरं पाणी देऊ, डाळीचं."

"डाळीचं?" दाराशी उभा असलेला दीपालीचा नवरा पुढे आला. "जुलाबाला डाळ? कुणी फोनवर काय सांगितलं म्हणून? अवो, तुमचं तुम्हीच मोडाय निघाला व्हय आज?"

सारिकाताईंनी पुन्हा समजावलं. दार, जोडी, दाटी, सगळं. आयुष्यभर त्या या एकाच विषयावर चांगलं बोलत आल्या होत्या. आज कुणाच्या डोळ्यांत विश्वास उमटेना. लोक त्यांच्याकडे दयेनं बघत होते. नवरा आजारी आहे, बाई बावचळली आहे. लताकाकूंचा चमचा पुन्हा सुनेच्या ओठांकडे गेला.

"ह्यांना पहाटेपासून मीच पाजलं," सारिकाताई म्हणाल्या. "बारा तांबे. ते नको म्हणत होते, आत जात नाही म्हणत होते. मी ऐकलं नाही. काकू, ते आता वाचत नाहीत. मी मारलं त्यांना. ह्याच पाण्यानं मारलं."

हे बोलून होईपर्यंत त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. लताकाकूंनी चमचा तांब्यात ठेवला, तांब्या उचलला आणि खिडकीतून बाहेर ओतला. मग पदरात तोंड लपवून त्या रडू लागल्या. कुणासाठी ते कळलं नाही.

शाळेला आणखी सहा वर्ग होते. प्रत्येक वर्गात सारिकाताईंना तेच सांगावं लागलं, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत, कारण त्याच्या आधी कुठेच कुणी तांब्या खाली ठेवला नाही. सात वेळा त्यांनी दाराशी उभं राहून ते म्हटलं. रावसाहेब धरून नऊ जण आजारी निघाले. त्यांतले आठ पुढे वाचले, दीपालीही वाचली, आणि त्या आठ जणांची घरं आजही ताईंना देवासारखं मानतात. ताईंना ते सोसत नाही, पण आता ती पुढची गोष्ट झाली.

त्या परत आल्या तेव्हा एक वाजून गेला होता. डाळीचं पाणी हौसाबाईंनी पाजून पाहिलं होतं. ते गालातून ओघळून उशीवर सांडलं होतं. रावसाहेबांचे हात कोपरापर्यंत गार पडले होते, नाडी बोटाला लागत नव्हती. बोट यायला अजून तासभर होता, आणि ती आल्यावर सुई टोचायला शीर सापडणार नव्हती. हे कळण्याइतकं शिक्षण सारिकाताईंना होतं. त्यांनी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं.

हौसाबाई म्हणाल्या, "सारिके, पाणी घाल त्याच्या तोंडात. बिनपाण्याचं जाऊ देऊ नगंस."

सारिकाताईंनी चमचा हातात घेतला. सकाळपासून ह्याच चमच्यानं साखर-मीठ मोजलं होतं. हात वर उचलवेना. दोनदा प्रयत्न केला, दोनदा तो मांडीवरच राहिला. शेवटी त्यांनी चमचा धुतला, दुसरा तांब्या मागवला, उकळून गार केलेल्या पाण्याचा चमचा भरला आणि आधी स्वतःच्या जिभेवर ओतला. तोंडात घोळवला. गोड नव्हतं, खारट नव्हतं. खात्री पटेना म्हणून आणखी एक चमचा चाखून पाहिला.

मग तिसरा भरला आणि त्या वाकल्या.

"काही नाही ह्यात," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी आहे."

रावसाहेबांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. चमच्याचा स्पर्श झाला आणि पहाटेपासून जसे ते उघडत होते, तसं त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.